डार्कलँड्स: १४०० सालच्या जर्मनीतली चौकडी

मायक्रोप्रोझ कंपनीने १९९२ साली डॉस या जुन्या संगणक-प्रणालीवर आणलेला 'डार्कलँड्स' हा रोल-प्लेइंग गेम (पात्र घडवून त्याच्या भूमिकेत खेळायचा) आजही खेळावा, आणि तो चित्रांसाठी किंवा लढायांसाठी नव्हे. अर्नोल्ड हेन्ड्रिक यांनी रचलेल्या या गेमचा पाया एकाच गोष्टीवर उभा आहे: पंधराव्या शतकातल्या जर्मन माणसाला जे खरं वाटत होतं, ते इथे खरं. इथे एल्फ नाहीत, बोटांतून आगीचे गोळे सोडणारे जादूगार नाहीत. खाणीत कोबोल्ड नावाची भुतं आहेत, जंगलात श्राट नावाची रानभुतं आहेत, आडवळणाच्या एखाद्या गावाने सैतानाशी संधान बांधलेलं आहे, आणि या सगळ्यांपुढे टिकायला तुमच्याकडे तलवार, किमया आणि संतांचा धावा एवढंच आहे. ऐतिहासिक रोल-प्लेइंग गेम त्यानंतर पुष्कळ आले. पण त्या काळची श्रद्धाच खेळाचे नियम बनवणारा इतका पुरा गेम दुसरा झालेला नाही.

चार जणांची टोळी घेऊन पवित्र रोमन साम्राज्यात (तेव्हाचा जर्मनी आणि आसपासचा मुलूख) हिंडायचं, नाव आणि पैसा कमवायचा, एवढीच सुरुवातीची अट. नकाशावर ९०च्या आसपास शहरं आहेत: कोलोन, न्यूर्नबर्ग, ल्यूबेक, हॅम्बुर्ग, प्राग आणि आज फारसं कुणाला आठवत नाहीत अशी कितीतरी. बहुतेक खेळ जलरंगातल्या चित्रांवर लिहिलेला मजकूर वाचून आणि खालच्या पर्यायांतला एक निवडून चालतो. लढाई आली की पडदा बदलतो आणि वरून दिसणाऱ्या मैदानावर चौघं लढू लागतात. वाचायचा कंटाळा असेल तर हा गेम घेऊ नये, हे आधीच सांगितलेलं बरं.

काळाची मांडणी बघा. घड्याळात तास नाहीत, मठातले प्रार्थनेचे प्रहर आहेत: मध्यरात्री मॅटिन्स, सकाळी प्राइम, मग टर्स, संध्याकाळी व्हेस्पर्स, रात्री कॉम्प्लिन. ही नुसती सजावट नाही. अंधार पडला की वेस बंद होते, दुकानं बंद होतात, रस्त्यावर गस्तीचे शिपाई हटकतात. वेशीपाशी दिवसाउजेडी पोहोचलात तर जकात भरून आत जाता येतं. पैसे नसतील तर पहारेकऱ्याला गोड बोलून पटवणं, नजर चुकवून शिरणं असे पर्याय येतात, आणि ते जमतील का हे तुमच्या पात्रांच्या कौशल्यावर ठरतं. नाणी तीन प्रकारची. १ फ्लोरिन म्हणजे २० ग्रोशेन, १ ग्रोशेन म्हणजे १२ फेनिग. म्हणजे फ्लोरिनचे २४० फेनिग. रुपया-आणा-पैचा हिशेब घरात ऐकलेल्यांना याची सवय पटकन होईल. सराईतला मुक्काम फेनिगांत, बरी तलवार ग्रोशेनांत आणि चांगलं चिलखत फ्लोरिनांत, असा अंदाज मनात ठेवला की सौदा महाग की स्वस्त ते लगेच कळतं.

पात्र घडवण्याचा भाग हा गेमचा सर्वांत देखणा भाग आहे, आणि नवा खेळाडू निम्मं नुकसान इथेच करून घेतो. आधी जन्म ठरवायचा: सरदार घराणं, श्रीमंत शहरी घर, कारागीर, गरीब शहरी, शेतकरी वगैरे. त्यानंतर पाच-पाच वर्षांचे टप्पे. प्रत्येक टप्प्याला एक पेशा निवडायचा आणि त्या पेशाने दिलेले गुण कौशल्यांवर वाटायचे. शिपायाला शस्त्रं येतात, साधूला धर्मज्ञान आणि लॅटिन येतं, फेरीवाल्याला बोलणं आणि रस्त्याची अक्कल येते. मागे काय केलं त्यावर पुढचे दरवाजे उघडतात: उमेदवारी केल्याशिवाय उस्ताद कारागीर होता येत नाही, सामान्य शेतकऱ्याच्या पोराला दरबारी होता येत नाही. लोभ इथे सुटतो. आणखी पाच वर्षं, आणखी कौशल्य. पण वय वाढलं की ताकद, दम आणि चपळाई उतरू लागते. पन्नाशीचा विद्वान कागदावर भारी दिसतो आणि पहिल्याच चकमकीत धापा टाकतो. लढवय्यांना तिशीच्या आत-बाहेर थांबवा. विद्वान आणि धर्मगुरू यांना चाळिशीपर्यंत नेलं तरी चालतं, कारण त्यांचं मुख्य काम अंगमेहनतीचं नाही.

चौकडीची सोपी रचना अशी. एक सरदार घराण्यातला, पुढे शिपाई आणि मग कप्तान झालेला. त्याच्याकडे शस्त्र, घोडेस्वारी आणि जरा बरं सुरुवातीचं सामान येतं. दुसरा शिकारी-शिपाई, ज्याला धनुष्य आणि रानाची जाण आहे. तिसरा मठात वाढलेला भिक्षू किंवा जोगीण, पुढे धर्मगुरू अथवा मठप्रमुख. चौथा विद्यार्थी, मग किमयागार. चोरपावलांनी चालणं, कुलपं उघडण्याची कारागिरी आणि शहरी गल्ल्यांचं भान ही तीन कौशल्यं कुणाकडे तरी आहेतच याची खात्री करा, एरवी निम्मे पर्याय पडद्यावर दिसतील पण कधी यशस्वी होणार नाहीत. जखमा बऱ्या करण्याचं कौशल्य एकाला तरी हवंच. बोलाचाली करताना टोळीचा म्होरक्या कोण नेमला आहे याला महत्त्व आहे. नगरप्रमुखासमोर गोडबोल्या पुढे ठेवा, मठात लॅटिन येणारा. प्रसंग बदलला की म्होरक्या बदलायचा, ही सवय लवकर लागली तर खेळ खूप सोपा जातो.

पहिले काही आठवडे पैशांची चणचण असते. कमाईचा खात्रीचा मार्ग म्हणजे रात्री शहराच्या गल्लीबोळांतून फिरणं. चोर अंगावर येतात. ते मारले की त्यांची शस्त्रं आणि चामडी चिलखतं विकता येतात, शिवाय त्या शहरात तुमचं नाव होतं. प्रत्येक शहर तुमची पत वेगळी ठेवतं. ब्रेमेनमध्ये तुम्ही वीर असाल आणि शेजारच्या शहरात गुन्हेगार. म्हणून सुरुवातीला दोन-तीन शहरांच्या टापूत राहणं शहाणपणाचं. पत वाढली की नगरप्रमुख दरोडेखोर सरदाराचा बंदोबस्त करायला सांगतो आणि व्यापारी कामं देऊ लागतात. ते कुठली तरी हरवलेली वस्तू आणायला पाठवतात. फुगर आणि मेदिची ही व्यापारी-सावकारी घराणी आणि हान्सा हा व्यापारी संघ, ही नावं इथे भेटतात आणि तिन्ही खऱ्या इतिहासातली आहेत: मेदिची बँक १३९७ साली सुरू झाली, हान्स फुगर १३६७ साली आउग्सबर्गला आला, आणि ल्यूबेक ही हान्साची मुख्य नगरी होती. दरोडेखोर सरदारही कल्पनेतले नव्हेत. मध्यवर्ती सत्ता कमजोर होती; १४०० सालीच निर्वाचक राजपुत्रांनी (राजा निवडण्याचा हक्क असलेल्यांनी) वेन्झेल राजाला पदच्युत करून पॅलॅटिनेट संस्थानाच्या रुप्रेख्टला निवडलं. अशा वेळी एखाद्या गढीवरचा सरदार खालच्या रस्त्यावरचे तांडे लुटू लागला तर त्याला अडवणार कोण, हा प्रश्न खराच होता. गेममध्ये त्याचं उत्तर तुम्ही असता.

लढाई प्रत्यक्ष वेळेत चालते आणि स्पेसबार दाबला की थांबते. थांबवून हुकूम द्यायचे, सोडायचं, पुन्हा थांबवायचं. पुढे १९९८च्या 'बॉल्डर्स गेट'ने ही पद्धत घरोघरी नेली, पण इथे ती सहा वर्षं आधी पूर्णपणे उभी आहे. स्पेसबार न वापरता लढणारा खेळाडू हमखास हरतो. इजा दोन प्रकारची: दम आधी संपतो, आणि दम संपला की माणूस बेशुद्ध पडतो, ताकद घसरली ती खरी जखम, आणि ती शून्यावर गेली की मृत्यू. दम विश्रांतीने भरून येतो, ताकद भरायला दिवस लागतात आणि त्यासाठी वैद्यकी लागते. म्हणून लढाईनंतर फक्त दम बघून पुढे निघू नका. ताकदीचा आकडा बघा, आणि तो खाली असेल तर सराईत काही दिवस काढा.

शस्त्र निवडताना सगळेच तलवारीकडे धावतात. चोरांशी ते ठीक आहे. पण पोलादी पत्र्याचं चिलखत घातलेल्या सरदारापुढे तलवार घसरते, कारण प्रत्येक शस्त्राला भेदण्याची क्षमता आहे आणि चिलखताला जाडी. क्षमता जाडीपेक्षा कमी पडली की घाव दमावर बसतो, अंगात जात नाही. इथे लढाईची गदा किंवा घण हवा. इतिहासातही पूर्ण पोलादी चिलखतं आली तसे घण आणि कुऱ्हाडी महत्त्वाच्या झाल्या, त्याचं हेच कारण. आडधनुष्य सावकाश चालतं पण भेदतं. हलकं शस्त्र हातात असेल तर चिलखतातल्या फटी शोधून मारण्याचा हुकूम द्या. बेभान हल्ल्याचा हुकूम मात्र जपून द्या, तो बचाव सोडून देतो. शस्त्राला आणि चिलखताला दर्जाचा आकडाही असतो. चांगल्या कारागिराच्या शहरात तो जास्त मिळतो, आणि त्यातला थोडासा फरकही लढाईत जाणवतो. धड-डोकं आणि हातपाय यांचं चिलखत वेगवेगळं घ्यायचं. पैसे कमी असतील तर आधी धडाचं. लुटीचं सगळं सामान उचलत सुटू नका. ओझं वाढलं की चपळाई जाते आणि किमयागारासारखं नाजूक पात्र लढाईत गोठल्यासारखं उभं राहतं.

आता संत. गेममध्ये १३०हून जास्त ख्रिस्ती संत आहेत आणि प्रत्येकाचं काम त्याच्या कथेवरून आलेलं आहे: जॉर्ज ड्रॅगनशी लढलेला, ख्रिस्तोफर वाटसरूंचा. संत आधी शिकावा लागतो. मठात, कॅथीड्रलमध्ये, विद्यापीठात देणगी देऊन आणि काही दिवस अभ्यास करून तो माहीत होतो, आणि त्यासाठी धर्मज्ञान व लॅटिन लागतं. मग धावा करायचा तर दोन गोष्टी तपासल्या जातात. पुण्याचा आकडा त्या संताच्या किमान अटीइतका हवा, आणि दैवी कृपेतून काही गुण खर्च करायचे. किती खर्च करायचे ते तुमच्या हातात असतं. जास्त घातले तर ऐकलं जाण्याची शक्यता वाढते. कृपा पुन्हा मिळवायला चर्चमध्ये जा, मासला (तिथल्या सामूहिक उपासनेला) हजर राहा, प्रार्थना करा, पापांची कबुली द्या. पुण्य सावकाश वाढतं आणि मुख्यतः चांगल्या कामांनी.

नवीन खेळाडू संतांना संकटातली शेवटची काडी समजतात आणि कृपा साठवत राहतात. हे चुकीचं. कृपा परत मिळते, म्हणून ती रोजच्या कामात वापरा: मोठ्या लढाईच्या आधी, तट चढताना, पूर आलेली नदी ओलांडताना. मजकुरातल्या प्रसंगात संताचा पर्याय निवडला की तिथे उपयोगी पडणारे माहीत असलेले संत समोर येतात, त्यामुळे सगळी यादी पाठ करायची गरज नाही. धर्मगुरूवर सगळा भार टाकू नका. चौघांनाही चार-पाच संत माहीत असले तर एकाची कृपा संपली तरी अडत नाही.

किमया जास्त खर्चिक आणि धोक्याची. औषधं आणि स्फोटकं मिळून २२ प्रकार, प्रत्येकाच्या कमी-मध्यम-उच्च दर्जाच्या तीन कृती, म्हणजे एकूण ६६. साहित्याच्या यादीत गंधक, कापूर, तुरटी, हरताळ, नाफ्था, मँड्रेकचं मूळ अशी खऱ्या किमयागारांच्या कोठारातली नावं आहेत. प्रत्येक कृतीला एक गूढांक असतो. किमयागाराचं कौशल्य आणि त्याच्या परिसाचा दर्जा यांच्याशी तो ताडून बघितला जातो. फरक मोठा असेल तर मिश्रण फुकट जातं, आणि धोका 'जास्त' लिहिलेल्या कृतीत स्फोट होऊन माणसं जखमी होतात. पैसा आला की आधी परीस सुधारा, मग नव्या कृती विकत घ्या. उलट क्रमाने केलं तर भारी कृती हातात असूनही बनवता येत नाही. मिश्रण सराईत किंवा तळावर करायचं, आणि ज्याच्या अंगात ताकद कमी उरली आहे त्याला ते करायला बसवायचं नाही.

सुरुवातीला फेकायच्या दोन-तीन गोष्टी पुरेशा. डोळ्यांची आग करणारं औषध शत्रूचं शस्त्रकौशल्य पाडतं, 'अरेबियन फायर' जाळतं, 'थंडरबोल्ट' स्फोट करतो. गर्दी करून येणाऱ्यांवर लढाई सुरू होताच, अजून अंतर आहे तोवर फेका. दम परत आणणारं 'न्यू-विंड' प्रत्येकाकडे एक-दोन असू द्या. धार आणि चिलखत यांचा दर्जा वाढवणारी दोन औषधं मात्र मोठ्या मोहिमेसाठीच राखा. चोरांवर ती घालवणं म्हणजे पैशांची नासाडी.

विद्यापीठं गेममध्ये मोजक्याच शहरांत आहेत, आणि त्या काळी होतीही मोजकीच: प्राग १३४८, हायडेलबर्ग १३८६, कोलोन १३८८. संत आणि किमया दोन्हींसाठी ती उपयोगाची, म्हणून वाटेत लागलं की विद्यापीठ टाळू नये.

रस्त्यावर लांडगे, लुटारू, रानडुकरं भेटतात. खाणींत खाली उतरलं की कोबोल्ड. आल्प्सच्या दंतकथांमधला टॅट्झलवुर्म हा सरपटणारा विचित्र प्राणी भेटतो, वादळी रात्री आकाशातून जाणारी शिकारी भुतांची टोळी भेटते, एखाद्या टापूत ड्रॅगन माजलेला असतो. ड्रॅगनकडे लवकर जाऊ नका. तो सगळी तयारी तपासतो. हळूहळू एक धागा हाती येतो. काही गावांत चर्च ओस पडलेलं असतं, लोक डोळे चुकवतात, प्रमुख उडवाउडवी करतो. तिथे रेंगाळून चौकशी केलीत तर चेटकिणींच्या महासभेचा पत्ता आणि रात्र कळते, तिथून टेम्प्लर या ख्रिस्ती योद्ध्या-साधूंच्या पंथाचं गुपित, आणि शेवटी बाफोमेट हे सैतानी दैवत. टेम्प्लर पंथ १३१२ साली पोपने बरखास्त केला आणि बाफोमेटची पूजा हा त्यांच्यावरचा आरोप होता. गेमने तो आरोप खरा धरून कथा रचली आहे. पत्ता लागला की ठरलेल्या रात्रीपर्यंत पोहोचायचं असतं, म्हणून प्रवासाचे दिवस मोजून निघा. शेवट गाठल्यावरही गेम संपत नाही, टोळी पुढे हिंडत राहते.

इथे एक गोष्ट मनाला लागते. चेटकीण खरी असते, गावचा संशय बरोबर ठरतो. पुढच्या अडीच शतकांत याच समजुतीपायी युरोपात हजारो माणसं, त्यात बहुतेक बायका, मारल्या गेल्या आणि त्यातला मोठा वाटा जर्मन मुलखातला. लोकांच्या श्रद्धेलाच नियम बनवल्यावर हे येणार हे खरं, पण संशयित निर्दोष निघतो असे प्रसंग आणखी असते तर त्या काळाचं चित्र जास्त पुरं झालं असतं. २०१८चा 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' १४०३ सालच्या बोहेमियात, म्हणजे याच शेजारात घडतो आणि त्याने चमत्कार पूर्ण वगळले. दोन्ही पाठोपाठ खेळले तर एकाच काळाच्या दोन बाजू दिसतात. गेम-दिग्दर्शक जोश सॉयर यांच्या २०२२च्या 'पेंटिमेंट' या गेमवर 'डार्कलँड्स'ची छाप आहे हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. बव्हेरियातलं मठ-गावाचं ते जग आवडलेल्यांनी मागे वळून हा गेम बघावाच.

दोष बरेच आहेत. तीस-चाळीस तासांनंतर तोच मजकूर पुन्हा पुन्हा येतो, शहरं चित्रांत एकमेकांसारखी दिसू लागतात, व्यापाऱ्यांची कामं एका साच्यातली. खाणीत आणि गढीत चौघं एकमेकांच्या वाटेत अडकतात. अरुंद जागेत एकेकाला वेगळं हलवावं लागतं. पहिली आवृत्ती दोषांनी इतकी भरलेली होती की त्यामुळे गेमचं नाव खराब झालं. शेवटची अधिकृत आवृत्ती ४८३.०७ आहे, जुन्या डिस्कवरून चढवत असाल तर आधी ती दुरुस्ती लावा, मगच टोळी घडवा. आणि सेव्ह वेगवेगळ्या नावांनी ठेवा, एकावर एक लिहू नका.

आज गेम गॉग आणि स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांत मिळतो, डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस गेम आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम) बांधलेला. विंडोजवर वेगळं काही करावं लागत नाही. लढाई फार वेगाने धावत असेल तर कंट्रोल-एफ११ने सायकल्स (डॉसबॉक्सचा वेग) कमी करा, अडखळत असेल तर कंट्रोल-एफ१२ने वाढवा; एका वेळी थोडंच बदला आणि गल्लीतल्या चोरांशी एक लढाई करून तपासा. माउस खिडकीत अडकला तर कंट्रोल-एफ१० आणि पूर्ण पडद्यासाठी ऑल्ट-एंटर. मॅन्युअलची पीडीएफ आधी उघडा. संतांची यादी आणि किमयेच्या कृती त्यात सविस्तर आहेत, आणि खेळताना ती शेजारच्या खिडकीत उघडीच ठेवावी लागते.